शिंगरांचे जंत आणि आपली सहामाही गोळी

बालरोगतज्ज्ञाने घोड्यांच्या पिलांवर लेख लिहावा, हे स्मरणिकेच्या सुज्ञ वाचकांना किंचित विक्षिप्तपणाचे वाटेल याची मला कल्पना आहे. आपल्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि निवृत्तीनंतरचे आरोग्य यांवर दरवर्षी उत्तम लेख येतात आणि ते येत राहावेत. परंतु गेली काही वर्षे माझ्या मनात जो विषय घोळत आहे, त्याचा उलगडा मला बालरोगशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा पशुवैद्यकाच्या नियतकालिकांत अधिक झाला. विषय आहे लहान आतड्यातील गोल जंतांचा. ठरलेल्या दिवशी सरसकट सर्वांना औषध देऊन हे जंत घालवायचे, ही पद्धत आपण आपल्या मुलांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून २०१५ साली स्वीकारली. घोड्यांच्या जगाने जवळपास तीच पद्धत १९६६ साली स्वीकारली होती. म्हणजे या वाटेवर शिंगरू आपल्या बाळाच्या सुमारे अर्धशतक पुढे आहे. पुढे गेलेल्याला वाटेत काय भेटले, हे विचारून घेण्यात कमीपणा नाही.

‘शिंगरू’ हा शब्द आपल्या इंदूरकर नातवंडांच्या कानावरून गेलेलाही नसेल. होळकरांच्या पागा इतिहासजमा झाल्या, टांगे गेले. उरल्या त्या वरातीपुरत्या घोड्या. तरीही महूचे पशुवैद्यक महाविद्यालय आपल्या शहराच्या अगदी जवळ आहे, आणि आपण मनुष्यवैद्य तिकडे सहसा फिरकत नाही हा भाग वेगळा. माझे एक जुने स्नेही पशुवैद्य आहेत. त्यांनी उमेदीची बरीच वर्षे पुण्याकडील अश्वपैदास केंद्रांत काढली. घोड्यांविषयी मला जी काही दृष्टी आली ती त्यांच्यामुळे; मते मात्र माझी आहेत.

शिंगराच्या आतड्यात राहणाऱ्या या जंताचे नाव पॅरास्कॅरिस. आपल्या मुलांत आढळणाऱ्या ॲस्कॅरिसचा हा जवळचा भाऊबंद. मादी अर्ध्या मीटरपर्यंत लांब होते, जाडी शिसपेन्सिलीएवढी, रंग पांढुरका. आपल्यापैकी प्रत्येकाचा या प्राण्याशी विद्यार्थिदशेतच अप्रत्यक्ष परिचय झालेला आहे. १८८३ साली बेल्जियमच्या एदुआर व्हान बेनेडन यांनी बीजपेशींत गुणसूत्रांची संख्या निम्मी होते, हे पाहिले ते याच जंताच्या अंड्यांत. थिओडोर बोव्हेरी यांचे गुणसूत्रांवरील पायाभूत कामही याच जंतावरचे. या जंताच्या एका जातीत गुणसूत्रांची जेमतेम एकच जोडी असल्यामुळे त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाखालीही ती मोजता येत. आनुवंशिकीच्या ग्रंथांनी घोड्याच्या आतड्याचे हे ऋण फारसे मोठ्याने मान्य केलेले मला दिसले नाही.

शिंगरू जन्मतः या जंतापासून मुक्त असते. हा जंत गर्भाशयातून येत नाही आणि घोडीच्या दुधातूनही येत नाही. दुधातून येणारा कृमी निराळा. पॅरास्कॅरिस येतो तो जागेतून. गेल्या वर्षीच्या शिंगरांनी लिदीवाटे टाकलेली अंडी त्या पागेत, त्या कुरणात टपून बसलेली असतात. अंड्याचे कवच जाड आणि चिकट असते. ते गव्हाणीला चिकटते, भिंतीला चिकटते, घोडीच्या कासेलाही चिकटते. उबदार दमट हवेत सुमारे दोन आठवड्यांत अंड्याच्या आत संसर्गक्षम अळी तयार होते आणि तशीच वर्षानुवर्षे वाट पाहू शकते. नेहमीच्या जंतुनाशकांना हे कवच दाद देत नाही. प्रौढ घोड्यांत प्रतिकारशक्ती आलेली असल्यामुळे त्यांच्या पोटात हे जंत क्वचितच सापडतात. म्हणून पिलाला जंत झाले की आईकडे बोट दाखवण्यात अर्थ नसतो. दोष जागेचा असतो. बाह्यरुग्ण विभागात सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंना हे वाक्य मी अनेकदा ऐकवले आहे, अर्थात घोड्याचा उल्लेख टाळून.

गिळलेल्या अंड्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून यकृतात जाते, तेथून फुप्फुसात, तेथून खोकल्यासरशी घशात, आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात. आपल्या ॲस्कॅरिसचा प्रवासही असाच आहे. फुप्फुसाच्या मुक्कामात शिंगरू खोकते, नाकातून स्राव येतो, आणि साधी सर्दी समजून त्याला प्रतिजैविके दिली जातात. हे वाचताना बालरोगतज्ज्ञांना लफलर सिंड्रोम आठवला नाही तरच नवल. गिळल्यापासून साधारण अडीच ते साडेतीन महिन्यांनी मादी अंडी घालू लागते. चार-पाच महिन्यांच्या शिंगरात जंतांचा भार सर्वांत अधिक असतो. केस राठ होतात, पोट सुटते, वाढ खुंटते. पुढे प्रतिकारशक्ती येते आणि वर्षाच्या सुमारास बहुतेक शिंगरे आपसूक या जंतांतून मोकळी होतात. अर्थात, तोवर ती जगली तर.

हा ‘तर’ मोठा आहे. भार फार झाला की जंतांचा गोळा होऊन लहान आतडे तुंबते, कधी फाटते. यात विपरीत गोष्ट अशी, की हे पुष्कळदा जंताचे औषध दिल्यानंतर एक-दोन दिवसांत घडते. पायपेराझिन, पायरँटेल, आयव्हरमेक्टिन ही औषधे जंताला लुळा करतात. शेकडो लुळे जंत एकाच वेळी सुटले की त्यांचा दोरखंड होतो. माझ्या स्नेह्यांनी एका केंद्रावरील अशा पाच महिन्यांच्या शिंगराची हकिकत मला सांगितली होती. संध्याकाळी औषध दिले, सकाळी ते पोटदुखीने लोळत होते, दुपारी नाकातून घातलेल्या नळीतून जठरातले पाणी उलट येऊ लागले, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर आतडे उघडले तेव्हा हातभर लांबीत जंतांखेरीज काही नव्हते. ते वाचले नाही. शस्त्रक्रिया होऊनही अशी शिंगरे पुष्कळदा वाचत नाहीत. म्हणून भार जास्त असेल तेथे सावकाश काम करणारे, जंताचे पोषण हळूहळू तोडणारे बेंझिमिडाझोल गटातील औषध आधी द्यावे, असे पशुवैद्य मानतात.

माझ्या पिढीच्या निवासी डॉक्टरांनी हेच दृश्य मुलांच्या वॉर्डात पाहिले आहे. हिरवी उलटी, फुगलेले पोट, हाताला लागणारा मऊ गोळा, क्ष-किरण चित्रात गुंतवळासारखी सावली. आतडे तुंबलेले असताना जंताला लुळे करणारे औषध देऊ नका. तोंडाने काही देऊ नका, नळी घाला, सलाईन चालू ठेवा, आणि आतड्याला आपले काम करू द्या, ही आमच्या वरिष्ठांची शिकवण होती. बहुतेक मुले विना शस्त्रक्रिया सुटत. असे मूल आता माझ्याकडे वर्षानुवर्षांत येत नाही. ही प्रगती खरी आहे, आणि तिचे श्रेय गोळीला किती, संडासाला किती, याचा हिशेब आपण कधी मांडलेला नाही.

आता १९६६ कडे वळू. केंटकी विद्यापीठातील ड्रज आणि लायन्स या संशोधकांनी त्या वर्षी शिफारस केली, की घोड्यांना दर दोन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. त्यांचा रोख मोठ्या घोड्यांतील एका वेगळ्या, घातक कृमीवर होता, ज्याच्या अळ्या आतड्याच्या रोहिणीत गुठळ्या करून घोडा मारत. शिफारस अचूक ठरली. शिस्तीने औषध देणाऱ्या केंद्रांतून तो कृमी जवळपास नाहीसा झाला. पण यशस्वी शिफारशीचे जे होते तेच तिचे झाले. कारण विस्मरणात गेले आणि कॅलेंडर उरले. त्यातच १९८० च्या दशकात आयव्हरमेक्टिन आले. जपानच्या मातीतील एका सूक्ष्मजीवातून निघालेले हे औषध खरोखरच अद्भुत. त्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते उचितच होते. नळीतली पेस्ट घोड्याच्या जिभेवर दाबली की मोतद्दाराचे काम झाले. शिंगरांना काही ठिकाणी तर ती महिन्याच्या महिन्याला मिळू लागली. लीद तपासण्याची गरज कोणालाच भासेना. जंत मरतच असणार, अशी सर्वांची खात्री होती.

२००२ साली हॉलंडमधून पहिला अहवाल आला, की आयव्हरमेक्टिन दिल्यावरही शिंगरांच्या लिदीत पॅरास्कॅरिसची अंडी तशीच आहेत. पाठोपाठ कॅनडा, अमेरिका, युरोपातील अन्य देश. आज अनेक देशांतील अश्वपैदास केंद्रांवर शिंगरांच्या गोल जंतावर हे औषध चालत नाही असे गृहीत धरूनच पुढे जावे लागते. पायरँटेल आणि फेनबेंडाझोल यांना दाद न देणारे जंतही काही ठिकाणी नोंदले गेले आहेत. घोड्यांसाठी याहून फारशी औषधे उपलब्ध नाहीत.

हे का झाले, याची दोन कारणे आपल्या उपयोगाची आहेत. पहिले असे, की या जंताचा जवळजवळ सारा संसार शिंगरांच्या पोटात आणि नेमके सर्व शिंगरांनाच वारंवार औषध. औषधाच्या तडाख्यातून सुटलेले, म्हणजेच औषधाला अजून बळी पडणारे जंत मागे उरायला जागाच नव्हती. जो तगला तो प्रतिरोधक, आणि त्याचीच अंडी कुरणात पसरली. दुसरे, आयव्हरमेक्टिनची जी मात्रा ठरली होती ती इतर कृमींना भरपूर होती, परंतु पॅरास्कॅरिसला जेमतेम पुरणारी होती. वजनाचा अंदाज चुकला, पेस्ट निम्मी थुंकली गेली, की जंताला सरावाचा डोस मिळे. या दोहोंवर मात झाली असती, जर कोणी मोजले असते. मोजणे बंद पडल्यामुळे औषध निकामी झाल्याची वार्ता लागायला उशीर झाला.

पशुवैद्यांनी पुढे काय केले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांनी औषध बंद केले नाही. डेन्मार्कने १९९९ पासून ही औषधे केवळ पशुवैद्याच्या चिठ्ठीवर, निदान झाल्यावरच, देण्याचा नियम केला. अमेरिकेतील अश्ववैद्यांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की शिंगरांना औषध द्यायचेच, पण पहिल्या वर्षात मोजके चार वेळा, पहिले दोन-तीन महिन्यांच्या वयात, आणि तेही बेंझिमिडाझोल गटातले. प्रौढ घोड्यांना अंडी मोजून मग. आणि प्रत्येक केंद्रावर औषधापूर्वी व औषधानंतर चौदा दिवसांनी लिदीतील अंडी मोजून औषध चालते की नाही हे पाहायचे. शिवाय लीद उचलणे, ती नीट कुजवून त्या उष्णतेने अंडी मारणे, शिंगरांना दरवर्षी त्याच कुरणात न सोडणे. एवढे करण्याची वेळ औषध हातचे गेल्यावर आली.

आता आपल्या दवाखान्यात येऊ. बाळ झोपेत दात खाते, म्हणजे जंत. गालावर पांढरे चट्टे, म्हणजे जंत. गोड मागते, म्हणजे जंत. जेवत नाही, म्हणजेही जंत. यांतील एकाही लक्षणावरून जंताचे निदान होत नाही, हे आपल्याला पूर्ण ठाऊक आहे. रात्री गुदद्वाराशी खाज येते तेव्हा सूतकृमीचा संशय रास्त, पण तो प्राणी वेगळा आणि त्याचा उपचार साऱ्या घराला. तरीही अल्बेंडाझोल लिहिले जाते, कारण आईला समाधान मिळते आणि चर्चा संपते. शाळेत १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय कृमिमुक्ती दिनी गोळी मिळालेली असते, मार्चमध्ये आपण देतो, मे महिन्यात आजोळी काका-मामांपैकी कोणी डॉक्टर असेल तर तो देतो. घरात संडास, नळाचे पाणी, पायात चपला असलेल्या आपल्या समाजातील बहुसंख्य मुलांना यातील एकही गोळी आवश्यक असतेच असे नाही. हे मत कटू वाटेल, पण ते मी जबाबदारीने मांडतो आहे.

राष्ट्रीय कार्यक्रमाच्या विरोधात मी नाही. उघड्यावरच्या मातीत खेळणाऱ्या, हात धुवायला पाणी नसलेल्या वस्तीतल्या मुलांना तो लाभ मिळालाच पाहिजे. आपल्या मुलांची स्थिती शिंगरांसारखी हुबेहूब नाही, हेही मान्य. गोळी वर्षातून एकदा-दोनदा, एक ते एकोणीस वयाला. प्रौढांच्या पोटातले ॲस्कॅरिस औषधाच्या कक्षेबाहेरच राहतात. त्यामुळे प्रतिरोध सावकाश येईल, आणि पुनर्संसर्ग मात्र लवकर होईल. पण जागतिक आरोग्य संघटनेचा निकषच मुळी मोजण्यावर उभा आहे: प्रमाण वीस टक्क्यांच्या वर असेल तर वर्षातून एकदा, पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर दोनदा. अल्बेंडाझोलनंतर ॲस्कॅरिसच्या अंड्यांत पंचाण्णव टक्के घट दिसावी, ही अपेक्षाही तिचीच. अमुक लाख गोळ्या दिल्या, या आकड्यातून ही घट कळत नाही. रवांडातील शाळकरी मुलांत अल्बेंडाझोलचा ॲस्कॅरिसवरील परिणाम अपेक्षेपेक्षा कमी आढळल्याचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेथे प्रतिरोधाची ओळखीची उत्परिवर्तने सापडली नाहीत, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. मात्र हे कळले ते कोणीतरी अंडी मोजली म्हणून.

आणखी एक अभ्यास आपल्या घरचा. लखनौच्या बालरोगतज्ज्ञ शैली अवस्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख बालकांवर केलेली पाहणी २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल दिल्याने वजनावर किंवा मृत्युदरावर मोठा फरक पडल्याचे तीत दिसले नाही. जेथे जंतांचा भार मुळात कमी, तेथे गोळीने वजन वाढेल ही अपेक्षा आपणच पालकांच्या मनात रुजवली आहे.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींच्या चिकित्सेचे तीन भाग सांगितले आहेत: कृमी काढून टाकणे, कृमींना पोषक ठरणारी पोटातील परिस्थिती बदलणे, आणि ज्या कारणाने ते होतात ते टाळणे. वावडिंग घालून उकळलेले दूध पाजणाऱ्या आपल्या आज्यांना पहिले दोन भाग ठाऊक होते. तिसरा भाग मैलापाण्याच्या व्यवस्थेचा आहे, आणि तो घराच्या उंबरठ्याबाहेर पडतो. शिंगराच्या बाबतीत लीद उचलणे म्हणतात, त्याचेच हे मानवी रूप.

‘गोळी स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे, देऊन टाकली तर बिघडले कुठे?’ असे माझे काही सहव्यावसायिक विचारतात. पेस्टच्या नळीबद्दल स्टड फार्मचे मालकही हेच म्हणत असत. औषध स्वस्त असले की ते विचार न करता दिले जाते, आणि विचार न करता दिलेल्या औषधाचा परिणाम कोणी पाहत नाही. २०२१ च्या करोना लाटेत आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या घरोघरी कशा खपल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हाही हाच युक्तिवाद होता. शिवाय अल्बेंडाझोल आपल्या हातातील एकमेव सोयीचे शस्त्र आहे. केसकृमीवर, म्हणजे ट्रायक्युरिसवर, त्याची एक मात्रा आजही जेमतेम तृतीयांश मुलांना बरे करते. गोल जंतावर ते अजून उत्तम चालते, आणि म्हणूनच मोजायला आत्ता सुरुवात केली पाहिजे.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवत आहे. आपल्या वार्षिक शिबिरात वस्तीतील मुलांना आपण गोळ्या देतो. यंदा त्यांपैकी निदान पन्नास मुलांचे शौच-नमुने गोळीपूर्वी घ्यावेत आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यावेत. काटो-काट्झ पद्धतीचा संच महाग नाही, सूक्ष्मदर्शक आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या प्रयोगशाळेत आहे, आणि महूच्या महाविद्यालयातील पशुवैद्य अंडी मोजण्यात आपल्याहून कितीतरी सराईत आहेत. त्यांना सन्मानाने बोलवावे. नमुन्यांच्या डब्यांवर मुलांची नावे लिहू नयेत, क्रमांक लिहावेत. ज्या गल्लीतील मुलांत अंडी अधिक निघतील तेथील संडासांची आणि नळांची यादी करून ती महापालिकेकडे द्यावी. आकडे जे येतील ते, चांगले असोत वा वाईट, पुढील स्मरणिकेत छापावेत. तपासणीचे काम मी आणि माझे दोन विद्यार्थी करू; डब्यांची व्यवस्था कोणी करील का, एवढेच कळवावे.